स्पॅनिश शिकवा, पण मराठीतून



कामगार चळवळीतला माणूस परकी भाषा कशी शिकवावी यावर बोलणार, हे ऐकून काहींना गंमत वाटली असेल. मी पंडित नव्हे. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीत, काम आटोपल्यावर झाले. स्पॅनिशही तशीच शिकलो, आणि आता जिनिंगमध्ये राबणाऱ्यांच्या मुलांना ती संध्याकाळी शिकवितो. माझे म्हणणे एवढेच की, ही भाषा आपल्या मुलांना थेट मराठीतून शिकवावी. इंग्रजीच्या जिन्याने नेऊ नये.

आपल्याकडे मिळणारी स्पॅनिशची बहुतेक पुस्तके इंग्रजीतून लिहिलेली असतात. त्यामुळे इंग्रजीत नापास झालेले पोर समजते की, आपल्याला कोणतीच भाषा येणार नाही. वीस देशांची ही राजभाषा. पुण्यामुंबईस तिच्या जाणकारांना काम मिळते. आणि दारावर पहारा इंग्रजीचा! हा अन्याय तर आहेच, पण अकारण अन्याय आहे.

कसा, ते पाहा. 'मे गुस्ता एल मांगो' हे वाक्य समजावताना इंग्रजी पुस्तकाची दमछाक होते, कारण इंग्रजीत आवडणारा 'मी' हा कर्ता असतो. मराठी मुलाला काय सांगावयाचे? मला आंबा आवडतो. 'मे' म्हणजे मला. आंबे अनेक झाले की 'मे गुस्तान लोस मांगोस', मला आंबे आवडतात. झाला धडा! 'वेओ ला कासा' म्हणजे मी घर पाहतो. पण 'वेओ आ पेद्रो', मी पेद्रोला पाहतो. माणूस आला की आपला 'ला' येतो, तसा त्यांचा 'आ' येतो. इंग्रजीत यातले काहीच नाही. उच्चारांचेही तसेच. प आणि फ, त आणि थ आपल्या कानाला वेगळे असल्यामुळे 'पान', म्हणजे त्यांचा पाव, आमचे पोर पहिल्याच दिवशी स्वच्छ म्हणते.

मराठी घातही करते. आपले एकच 'आहे', त्यांची दोन. येथे मी व्याख्या सांगत बसत नाही. टेबलावर कैरी ठेवतो. 'एल मांगो एस वेर्दे' म्हणजे आंब्याचा रंगच हिरवा. 'एस्ता वेर्दे' म्हणजे अजून पिकलेला नाही. तसेच त्यांच्या नामांना नपुंसकलिंग नाही. आपले 'ते घर' तिकडे स्त्रीलिंगी होते. म्हणून नुसते 'कासा' पाठ करू द्यावयाचे नाही. 'ला कासा' असेच म्हणावयाचे.

पहिला आठवडा पुस्तक उघडत नाही. 'आब्रे ला पुएर्ता' म्हटले की एकाने उठून दार उघडावयाचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स आशर यांनी १९६० च्या दशकात ही हुकूम देऊन शिकविण्याची रीत मांडली. दिवसभर बाकावर आंबलेल्या मुलांना ती मानवते. त्याहून जुनी बर्लिट्झ यांची, १८७८ पासूनची. तिच्यात वर्गात मातृभाषेला बंदी. आधी बोलणे, मग व्याकरण, हे त्यांचे मला पटते. बंदी पटत नाही. मराठीचे एक वाक्य अर्धा तास वाचवीत असेल, तर तेथे मुके राहण्यात कसले शास्त्र?

आणि हे आपल्या माणसांना जमणारे नाही, असे कोणी म्हणू नये. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२० च्या दशकात मेक्सिकोत गेले, तेथील चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवू लागले आणि मक्यावर संशोधन केले. १९६७ साली ते नागपुरात वारले. विदर्भातला माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्याला शेती शिकवितो, तीही त्याच्या भाषेत!

आमच्या वर्गाचा पहिला शब्द मात्र मुलांना घरूनच येतो. तो शब्द 'पगार'. मराठीने तो पोर्तुगीजांकडून घेतला; स्पॅनिशमध्येही 'पागार' म्हणजे पैसे चुकते करणे. फळ्यावर तो लिहिला की मागच्या बाकावरचे पोरही सरसावून बसते. मग रूपे चालवावयाची: पागो, पागास, पागा, मी देतो, तू देतोस, तो देतो. 'पात्रोन' म्हणजे मालक, एवढे सांगून मी 'एल पात्रोन नो पागा' असे लिहितो. त्याचा अर्थ आजवर कोणी विचारलेला नाही.