पिल्लू आणण्याआधी

हिंगोलीच्या शेतशिवारात राखणीला कुत्रं हवंसं वाटतं. पण पिल्लू आणण्याआधी घरात बसून बोला. कुत्रं दहा-बारा वर्षं जगतं. तेवढी वर्षं त्याला कोण पाहणार? दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणार असाल, तर मागे त्याला भाकर-पाणी कोण देणार? तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे दरवर्षी ती टोचून घेण्याची तयारी आहे का? कांद्याचं कालवण घालू नका. कांद्याने त्याचं रक्त कमी होतं. मे महिन्यात डांबरी रस्त्यावर हात टेकवून पाहा. चटका बसला, तर त्याचे पायही पोळतील. दाट केसांच्या विदेशी जातीपेक्षा आपल्या उन्हाला सरावलेलं गावठी पिल्लू बरं. घरातल्या सगळ्यांची तयारी असेल, तरच पिल्लू आणा.