ग्रीक पुराणकथांची बालपुस्तके निवडताना

(संस्थेच्या पालक-शिक्षक मेळाव्यात एका सहशिक्षकाने, बी. ए., बी. एड., केलेले भाषण)



ग्रंथालयासाठी यंदा पुस्तकांची जी यादी केली आहे, तीत प्राचीन ग्रीक पुराणकथांची काही पुस्तके आहेत. ती पाहून एका पालकांनी मला सरळ विचारले, "सर, या अनेक देवदेवतांच्या गोष्टी आमच्या मुलांनी कशाला वाचायच्या?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर दिल्यावाचून पुस्तके कपाटात मांडणे बरे नव्हे, म्हणून आज हाच विषय घेतला आहे.

युनान आपल्याला परका नाही. युनानी दवाखान्यातून आपण औषध आणतो. एखादी गोष्ट फार आवडली की तिला अफलातून म्हणतो. हा अफलातून म्हणजेच प्लेटो. नवव्या शतकात बगदादला हुनैन इब्न इसहाक यांनी जालीनूसचे वैद्यकग्रंथ अरबीत आणले. त्या काळच्या अनुवादकांनी वैद्यक, गणित, तत्त्वज्ञान घेतले. देवतांची काव्ये मात्र बहुतांशी बाजूला ठेवली. होमरचे 'इलियड' संपूर्ण अरबी पद्यात यायला १९०४ साल उजाडले. सुलैमान अल-बुस्तानी यांचा तो अनुवाद कैरोला छापला गेला. म्हणजे आपल्या पालकांची शंका बरीच जुनी आहे!

तरी गोष्टी कुणाची परवानगी घेत नाहीत. सिंदबादची तिसरी सफर आठवा. माणसे भाजून खाणारा राक्षस, तापलेल्या सळयांनी त्याचे डोळे फोडणे, मग पळणाऱ्यांवर दगडांचा वर्षाव. ओडिसियस आणि एकडोळ्या पॉलिफिमसची गोष्ट जवळजवळ अशीच आहे. इसापही ग्रीकच, सदाशिव काशीनाथ छत्रे यांनी १८२८ मध्ये त्याच्या कथा मराठीत आणल्या. आणि आपल्याच जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याची नोंद आहे. तेथील कापड गाड्यांतून भडोचला जाई आणि पुढे जहाजात चढे. तेरच्या लामतुरे संग्रहालयात मुलांना नेले, की या पुस्तकांची प्रस्तावना आपोआप होते.

आता निवडीकडे येतो. पहिली कसोटी अशी, की लेखकाने या कथा "ग्रीक लोक असे मानीत" अशा सुरात सांगितलेल्या असाव्यात. तेवढ्याने मुलाला कळते की ही एका जुन्या समाजाची कल्पना आहे, आपल्या श्रद्धेशी तिचा संबंध नाही. शंकेचे निम्मे ओझे येथेच उतरते.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. मुलांसाठी लिहिताना मूळ कथेचे काय झाले, हे पाहावे. मिडास राजाची लाडकी मुलगी त्याच्या स्पर्शाने सोन्याची झाली, असे आपण सर्वांनी वाचले आहे. पण ओव्हिडच्या प्राचीन काव्यात ती मुलगी नाहीच! तेथे अन्न आणि मद्य सोन्याचे होते, राजा उपाशी राहतो. मुलीचा प्रसंग नॅथॅनिएल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने १८५१ मध्ये बालकांसाठीच्या पुस्तकात घातला. तो भर सुंदर आहे, मी तो नाकारणार नाही. पँडोराची पेटी तर भाषांतरातली चूक आहे. हेसिअडने सांगितला तो मोठा रांजण होता. सोळाव्या शतकात इरॅस्मसने लॅटिनमध्ये त्याची पेटी केली. आपल्या मुलांना धान्याचा रांजण पेटीपेक्षा लवकर डोळ्यांपुढे येईल.

चुकीची भर मात्र ओळखावी. इकारस बापाचे न ऐकता सूर्याजवळ जातो, मेण वितळते आणि तो समुद्रात पडून मरतो. एखाद्या पुस्तकात तो सुखरूप पोहून किनाऱ्याला लागला असेल, तर ते पुस्तक घेऊ नये. मुलांना दुःख सोसते. आपल्यालाच ते वाचून दाखवणे जड जाते. तसेच प्रत्येक कथेखाली ठळक अक्षरांत 'तात्पर्य' छापणारी पुस्तकेही मला नकोशी वाटतात. इसापला ते शोभते.

नावांचा घोळही पाहावा. एका पानावर झ्यूस आणि दुसऱ्यावर ज्युपिटर असेल, तर मुलाला ते दोन देव वाटतात. चित्रे सभ्य असावीत, एवढे सांगून पुढे जातो.

भाषेचा प्रश्न आपल्या शाळेत विशेष आहे. घरी दखनी बोलणारे मूल मराठी पुस्तक हाती घेते, तेव्हा इंग्रजीवरून ओढूनताणून केलेली लांबलचक वाक्ये त्याला दुसऱ्याच पानावर थांबवतात. कोणतेही एक पान मोठ्याने वाचावे. तीन ठिकाणी आपलीच जीभ अडखळली, तर पुस्तक परत ठेवावे.

पाचवी-सहावीला मिडास, इकारस, पँडोरा. आठवीला ओडिसियसचा प्रवास. झ्यूसच्या प्रेमप्रकरणांच्या कथा शाळेच्या कपाटात नकोतच, असे माझे मत आहे. यादीतील पुस्तकांच्या नमुना प्रती आठ दिवस कार्यालयात ठेवत आहोत. ज्यांना शंका असेल त्यांनी एक प्रत घरी न्यावी, मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी आणि मगच यादीवर खूण करावी.