नकाराचा कागद

(युवक-युवतींच्या शिबिरातील भाषण)



मी संकलनाचे काम करते. सिनेमात मुसलमान, दलित, स्त्रिया कशा दाखवल्या जातात, यावर आपण पुष्कळ बोलतो. आज माझा प्रश्न वेगळा आहे. पडद्यामागचे काम कुणाला मिळते?

१९२६ साली मुंबईत फातमा बेगम यांनी स्वतःची चित्रसंस्था काढून ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला. त्या भारतातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक मानल्या जातात. तेव्हा ‘हे आपल्या बायकांचे क्षेत्र नव्हे’ असे कुणी म्हटले, तर हे नाव सांगा.

त्याच मुंबईत पुढे कित्येक दशके हिंदी सिनेमाच्या रंगभूषाकारांच्या संघटनेत रंगभूषाकाराचे कार्ड फक्त पुरुषांना मिळे. बाईने केशभूषाच करायची. कार्ड नाही, तर सेटवर काम नाही. कारण काय? तर बायका आल्या की पुरुषांची रोजी जाईल! शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षे वास्तव्याची अट होतीच. चारू खुराना या प्रशिक्षित रंगभूषाकार. त्यांचा अर्ज नाकारला गेला. त्या सहकारी स्त्रियांसह सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्यायालयाने या दोन्ही अटी रद्द ठरवल्या. संविधानाने दिलेला समानतेचा आणि व्यवसायाचा हक्क संघटनेच्या नियमाने काढून घेता येत नाही, हा त्याचा अर्थ.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. ही लढाई जिंकता आली, कारण भेदभाव नियमावलीत लिहिलेला होता. आज तो कुणी लिहून ठेवत नाही. आमच्याकडे बहुतेक कामे फोनवर ठरतात. जाहिरात नाही, मुलाखत नाही. ‘आपला माणूस आहे’ म्हणून एकाला बोलावतात. दुसऱ्याचे आडनाव, मोहल्ला, हिजाब किंवा जात पाहून फोनच येत नाही. नकाराचा कागदच नसेल, तर दाद कशाच्या आधारावर मागणार?

कागद असला तरी तो दडपला जातो. केरळमध्ये चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीवर २०१७ साली न्यायमूर्ती हेमा समिती नेमली गेली. अहवाल २०१९ मध्ये सादर झाला आणि लोकांसमोर आला तो २०२४ मध्ये, तोही काही भाग वगळून.

म्हणून आपल्या मागण्या साध्या असाव्यात. सहायकांच्या जागा जाहीर करा. रोजंदारीवरच्या माणसालाही लेखी करार द्या. २०१३च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसे काम करत असलेल्या प्रत्येक निर्मितीसंस्थेत तक्रार समिती हवी आणि तिच्या सदस्यांची नावे सेटवर लावलेली हवीत. रात्री काम संपल्यावर घरी पोहोचवण्याची सोय हवी.

आणि थोडे आपल्या घरातही बघू. मुलगी ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्रण शिकायचे म्हणाली, की ‘लोक काय म्हणतील’ हे आधी आपणच म्हणतो. बाहेरचा दरवाजा उघडा म्हणून मागणी करताना घरातली कडीही आपणच काढली पाहिजे.