ऋणाची कबुली आणि ऋणाची फेड



20 ऑगस्ट 1940 रोजी ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल यांनी हाउस ऑफ कॉमन्समध्ये युद्धपरिस्थितीचा आढावा घेतला. फ्रान्स जूनमध्येच पडला होता. जर्मन विमानदळाचे हल्ले शिगेला पोचत होते, आणि ब्रिटिश बेटांवर स्वारी होणार की नाही हे मुख्यतः लढाऊ विमानांच्या वैमानिकांवर अवलंबून होते. ह्या वैमानिकांची व त्यांच्या सहकाऱ्यांची एकूण संख्या तीन हजारांच्या आसपास होती, आणि त्यांतले पाचशेहून अधिक त्या लढाईत मारले गेले. मानवी संघर्षाच्या इतिहासात इतक्या थोड्यांचे इतके मोठे ऋण इतक्या बहुसंख्यांवर कधी झाले नव्हते, असा त्या दिवशीच्या प्रसिद्ध वाक्याचा आशय होता.

ह्या वाक्याच्या वाङ्मयीन सामर्थ्याबद्दल पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचा शब्द 'ऋण' हा आहे. ऋण म्हटले की धनको आला, ऋणको आला आणि फेडीचा प्रश्नही आला. युद्धकाळात सेनादलांचा गौरव करणारा प्रत्येक राष्ट्रनेता राष्ट्राच्या वतीने एक कर्जरोखा लिहून देत असतो. तो कोण फेडणार, कोणाला आणि केव्हा, हे मात्र त्या गौरवात सहसा सांगितलेले नसते.

चर्चिल यांच्या त्याच भाषणात आणखी दोन गोष्टी होत्या. हे युद्ध केवळ सैनिकांचे नसून समस्त जनतेचे आहे, कामगार हेही सैनिकच आहेत, त्यांची हत्यारे तेवढी वेगळी आहेत, असे त्यांनी सांगितले. दुसरी गोष्ट अशी की, युद्धानंतरच्या जगाची रचना कशी असावी ह्या चर्चेत आताच शिरणे शहाणपणाचे नाही, असेही त्यांनी बजावले. म्हणजे ऋण मान्य होते. फेडीची बोलणी मात्र पुढे ढकलायची होती.

ब्रिटिश जनतेने ती पुढे ढकलू दिली नाहीत. युद्धाचा बोजा कोणी उचलायचा हा वाद तेथे युद्ध चालू असतानाच झाला. केन्स यांनी 1940 च्या प्रारंभीच वेतनाचा काही भाग सक्तीने राखून ठेवावा व तो युद्धानंतर परत द्यावा, अशी योजना मांडली. त्याच वर्षी जादा नफ्यावरील कर शंभर टक्क्यांवर गेला. 1941 मध्ये प्राप्तिकराचा मूळ दर पौंडामागे दहा शिलिंग झाला. अन्नधान्याचे रेशनिंग आले. वाहतूक कामगारांचे पुढारी अर्नेस्ट बेव्हिन मजूरमंत्री होते. डिसेंबर 1942 मध्ये बेव्हरिज अहवाल प्रसिद्ध झाला आणि त्याच्या लाखो प्रती खपल्या. सैनिकांसाठी काढलेला त्याचा सारांश युद्धखात्याने घाईघाईने मागे घेतला, ही घटना बोलकी आहे. ज्यांचे ऋण मान्य केले होते त्यांनीच फेडीचा तपशील वाचू नये, अशी ही व्यवस्था होती! पुढे मार्च 1943 मध्ये चर्चिल यांनी राष्ट्रीय विम्याचे तत्त्व नभोवाणीवरून मान्य केले. परंतु अंमलबजावणी युद्धोत्तर सरकारवर सोडली.

जुलै 1945 च्या निवडणुकीत सैनिकांची मते दूरदूरच्या आघाड्यांवरून येण्यासाठी मतमोजणी तीन आठवडे थांबवावी लागली. मजूर पक्षाला 640 पैकी 393 जागा मिळाल्या. हा निकाल म्हणजे कृतघ्नपणा होता, असे अनेकांना वाटले. वस्तुतः मतदारांना चर्चिल यांच्याविषयी आदर होता. परंतु ज्यांनी कबुली दिली तेच फेडही करतील, असा भरवसा नव्हता. 5 जुलै 1948 रोजी सुरू झालेली राष्ट्रीय आरोग्यसेवा हा त्या फेडीचा एक मोठा हप्ता होता.

ह्याच युद्धाच्या खातेवहीचे दुसरे पान हिंदुस्थानचे आहे. येथील सेनेची संख्या युद्धाच्या अखेरीस 25 लाखांवर गेली. रायगडचे यशवंत घाडगे इटलीत जुलै 1944 मध्ये लढता लढता पडले. अहमदनगर जिल्ह्याचे नामदेव जाधव एप्रिल 1945 मध्ये तेथेच लढले. दोघेही मराठा पलटणीचे, आणि दोघेही व्हिक्टोरिया क्रॉसचे मानकरी. हिंदी सैनिकांच्या शौर्याचा गौरव चर्चिल यांनीही आपल्या युद्धेतिहासात केला आहे. परंतु ह्या देशातून झालेल्या युद्धखर्चापोटी लंडनमध्ये स्टर्लिंगची येणी साचत गेली आणि येथे त्यांच्या आधारे नोटा छापल्या गेल्या. चलन सुमारे सहापट झाले, भाव भडकले. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे तीस लाख माणसे गेली असा अंदाज आहे. त्यामागे युद्धकालीन चलनवाढ हे एक महत्त्वाचे कारण होते. कागदावर ब्रिटन ऋणको होते. प्रत्यक्षात किंमत चुकवली ती भूमिहीन मजुराने, कोळ्याने आणि ग्रामीण कारागिराने.

सैनिकांनाही वाटा मिळाला नाही. 18 फेब्रुवारी 1946 रोजी मुंबईत 'तलवार' ह्या नाविक तळावरील खलाशांनी निकृष्ट अन्न, गोऱ्यांच्या तुलनेतील अपुरे वेतन व अपमानास्पद वागणूक यांविरुद्ध बंड पुकारले. मुंबईच्या कामगारांनी त्यांच्या पाठिंब्यासाठी संप केला आणि शहरातील गोळीबारात दोनशेहून अधिक लोक मारले गेले. विजयाच्या गौरवपर भाषणांना तेव्हा वर्षही लोटले नव्हते.

स्वतंत्र भारतात 1965 साली लालबहादूर शास्त्रींनी जवानाबरोबर किसानाचाही जयजयकार केला. त्या घोषणेत लढणारा आणि पिकवणारा यांचे ऋण एकत्र मान्य केले होते, हे तिचे मोठेपण. परंतु 'समान पदाला समान निवृत्तिवेतन' ह्या मागणीसाठी निवृत्त सैनिकांना 2015 साली जंतरमंतरवर ठाण मांडावे लागले. 2022 साली जाहीर झालेल्या 'अग्निपथ' योजनेने चार वर्षांनंतर कमाल पंचवीस टक्के सैनिकांनाच पुढे कायम ठेवण्याची तरतूद केली. उरलेल्यांना एकरकमी निधी आहे, निवृत्तिवेतन नाही. सैनिक हा बहुतांशी शेतकऱ्याच्या आणि मजुराच्या घरातून येतो. त्याचा पोवाडा गायचा आणि त्याच्या म्हातारपणाचा खर्च डोईजड मानायचा, ही विसंगती व्यासपीठावरून दिसत नाही. ती त्याच्या घरी दिसते.

ह्यावर एक उत्तर ठरलेले असते: युद्धाच्या वेळी असे प्रश्न विचारल्याने सैन्याचे मनोधैर्य खचते. इतिहास हे उत्तर मान्य करत नाही. टोब्रुक पडल्यानंतर जुलै 1942 मध्ये कॉमन्सने चर्चिल यांच्या सरकारवरील अविश्वासाच्या ठरावाची चर्चा केली. अन्यूरिन बेव्हन यांनी युद्धनीतीवर कठोर टीका केली. ठराव 475 विरुद्ध 25 मतांनी फेटाळला गेला आणि युद्धही जिंकले गेले. भारतातही 1962 च्या नोव्हेंबरमध्ये, लढाई चालू असताना, संसदेचे अधिवेशन भरले होते. सेनेचा गौरव ही सरकारची ढाल नव्हे. शौर्य सैनिकाचे असते. धोरण मंत्रिमंडळाचे असते, आणि त्याचा जाब मंत्रिमंडळालाच द्यावा लागतो.

तेव्हा राष्ट्रनेता सेनादलांचा गौरव करील तेव्हा समाजवाद्यांनी त्यात जरूर सहभागी व्हावे. त्यानंतर मात्र युद्धखर्चाचा बोजा कोणावर टाकला, नफा कोणाच्या घरी गेला आणि परतलेल्या सैनिकाला काम, औषध व निवृत्तिवेतन मिळाले की नाही, हे तीन प्रश्न संसदेत, गावसभेत आणि संघटनेच्या बैठकीत विचारत राहिले पाहिजे. ऋणाची कबुली नेता एका भाषणात देऊ शकतो. फेड करून घेण्याचे काम संघटित जनतेचेच आहे.