जाड आवाजाच्या उषाताई

भाकरी थापत असाल, गटाचा हिशोब लिहीत असाल, नाहीतर रानातून परतत असाल, रेडिओ जरा मोठा करा. आज आम्ही उषा उथुप यांच्याबद्दल बोलणार आहोत. भरजरी कांजीवरम साडी, कपाळावर मोठी टिकली, हातभर बांगड्या, केसात फुलं आणि खणखणीत जाड आवाज. टीव्हीवर तुम्ही त्यांना पाहिलंच असेल.

गाणी रेकॉर्ड करायला आम्ही गावोगाव जातो, तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं. "माझा नको बाई, माझा आवाज जाडा आहे. तिचा घ्या." बाईचा आवाज बारीकच हवा, हे कुणी ठरवलं कोण जाणे, पण त्यापायी कितीतरी जणी गप्प बसल्या आहेत. म्हणून उषाताईंची आठवण झाली.

त्यांचा जन्म 1947 सालचा, मुंबईतला. घर तमिळ आणि वडील पोलीस खात्यात. भायखळ्याच्या पोलीस वसाहतीत त्या वाढल्या. शाळेत गाण्याच्या बाईंनी त्यांना वर्गातून काढलं होतं. कारण तेच, आवाज बसत नाही! गाण्याचं रीतसर शिक्षण कधी झालंच नाही. पण घरात रेडिओ होता आणि मोठ्या बहिणी गाणाऱ्या होत्या. बहिणींनीच त्यांची गाठ अमीन सयानींशी घालून दिली आणि नऊ वर्षांची उषा रेडिओ सिलोनच्या कार्यक्रमात गायली.

पुढे 1969 साली चेन्नईतल्या 'नाइन जेम्स' नावाच्या नाइट क्लबात त्यांनी गायला सुरुवात केली. कॅबरे म्हटलं की आपल्याला सिनेमातला तोकड्या कपड्यांतला नाच आठवतो. मुळात कॅबरे म्हणजे लोक टेबलाशी बसून खात-पीत असतात आणि समोर गाणं-बजावणं चालतं, तो कार्यक्रम. अशा जागी गाणारीकडे लोक कसे बघतात, हे आपल्याला सांगायला नको. आपल्याकडेही फडावर शिट्ट्या मारणारे लोक त्याच बाईला घराच्या उंबऱ्यात उभी करत नाहीत.

उषाताई तिथे उभ्या राहिल्या त्या साडी नेसून. रोज नेसायच्या तशीच. त्याच वर्षी त्या कोलकात्याला पार्क स्ट्रीटवरच्या 'ट्रिंकाज' हॉटेलात गायल्या आणि पुढे कोलकाता हेच त्यांचं गाव झालं. दिल्लीच्या हॉटेलात गात असताना सिनेमावाल्यांनी त्यांना ऐकलं. 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'मध्ये त्यांचा आवाज आला.

आता त्यांची खरी करामत सांगतो. त्या गातात त्यातली पुष्कळ गाणी मुळात दुसऱ्यांची असतात. इंग्रजी, बंगाली, मल्याळम, आफ्रिकेतली स्वाहिली, कितीतरी भाषांतली. 'प्यारा दुश्मन'मधल्या 'हरि ओम हरि'ची चाल एका परदेशी गाण्यावरून आलेली, पण आपल्याला त्यात उषाताईच आठवतात. 'सात खून माफ'मधलं 'डार्लिंग' रशियातल्या 'कालिंका' या गाण्यावर बेतलेलं. त्यासाठी त्यांना आणि रेखा भारद्वाज यांना मिळून फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. तेव्हा उषाताईंची साठी उलटून गेली होती!

दुसऱ्याचं गाणं आपलं कसं होतं, हे आपल्याला नवीन नाही. जात्यावरची ओवी आईकडून येते. सासरी ती गाताना आपण त्यात आपल्या भावाचं नाव घालतो, आपल्या गावची नदी घालतो. चाल जुनी, पण सुखदुःख आपलं. उषाताईही तेच करतात. मूळ गायिकेची नक्कल करायला त्या जात नाहीत, गाणं आपल्या जाड आवाजात ओढून घेतात.

हे सगळं सुखासुखी झालं नाही. 1980 च्या दशकात पश्चिम बंगालच्या एका मंत्र्यांनी त्यांच्या गाण्याला 'अपसंस्कृती' ठरवलं. म्हणजे संस्कृती बिघडवणारं गाणं. सरकारी सभागृहांचे दरवाजे त्यांना बंद झाले. कलाकाराच्या पोटावरच पाय तो! उषाताई घरी बसल्या नाहीत. त्या कोर्टात गेल्या आणि जिंकल्या. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, 2024 साली पद्मभूषण.

मैत्रिणींनो, पुरस्कार मिळाला की सगळेच टाळ्या वाजवतात. आम्हाला मोल वाटतं ते आधीच्या वर्षांचं. आवाज बदलला नाही, साडी बदलली नाही, आणि जिथे गायला मिळालं त्या जागेची लाज धरली नाही. मान मागत बसल्या नाहीत, गात राहिल्या. गाण्यानेच त्यांचं घर चाललं आणि नावही झालं.

आपल्या गटातही असा एखादा दबलेला आवाज असतो. भजनात मागे बसून नुसत्या टाळ्या धरणारी, ग्रामसभेत बोलायचं असूनही पदर तोंडाशी नेणारी. तेव्हा एक करा. पुढच्या बैठकीत बचतीचे पैसे मोजून झाले की प्रत्येकीने एक गाणं म्हणायचं. भजन, ओवी, सिनेमाचं, काहीही चालेल. फक्त त्यात आपल्या गावाचं नाव घालायचं. आणि "माझा आवाज जाडा आहे" असं जी म्हणेल, तिच्यापासून सुरुवात करायची.

गाणं जमलं की आम्हाला निरोप धाडा. आम्ही माइक घेऊन येतो.