लेकीच्या बाळंतपणात शिकले ते



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा डॉक्टरकी सांगायला मी उभी नाही. मागल्या वर्षी लेकीच्या पहिल्या बाळंतपणात जे पाहिले तेवढेच सांगते.

तिच्या मांड्यांवर निळे डाग उठत. मी म्हणे, आपटली असेल कुठे, आणि आंबेहळद उगाळून लावी. चौथ्या महिन्यात रक्त तपासले तर प्लेटलेट अवघे 28 हजार! एरवी दीड लाखाच्या वर असतात. वाहते रक्त थांबवण्याचे काम त्यांचे. कधी नळीतच या कणांच्या गुठळ्या होतात नि आकडा खोटाच कमी दिसतो. म्हणून डॉक्टरीणबाईंनी रक्त काचेवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पुन्हा पाहिले. आकडा खराच निघाला.

गरोदरपणाच्या शेवटी पुष्कळ जणींचा आकडा थोडा उतरतो, बहुधा लाखाच्या वरच राहतो, आणि बाळंतपणानंतर आपोआप सुधारतो. त्याला भिऊ नये. पण रक्तदाब चढला, डोके ठणकले, पोटात वरच्या बाजूला कळ आली, तर मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठावा. लेकीचे दुखणे तिसरेच. तिचे शरीर स्वतःच्याच प्लेटलेटना परके समजून मारी. तिला प्रेडनिसोलोनच्या गोळ्या सुरू झाल्या, आणि विचारल्याशिवाय दुखण्याची एकही गोळी घ्यायची नाही अशी ताकीद मिळाली.

खरी काळजी पुढेच होती. प्लेटलेटना मारणारे ते द्रव्य वारेतून बाळाकडेही जाऊ शकते. विहीणबाई म्हणाल्या, "पोटातच बाळाचे रक्त तपासा, नाहीतर सरळ ऑपरेशन करा." मलाही ते पटले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पूर्वी नाळेत सुई घालून, किंवा कळा सुरू झाल्यावर बाळाच्या डोक्याच्या कातडीतून रक्त घेत. पण या दुखण्यात बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. नाळेतली सुई त्याहून धोक्याची ठरली, म्हणून ते सोडून दिले. केवळ यासाठी ऑपरेशन करूनही बाळाला फायदा नाही."

नवव्या महिन्यात आकडा 86 हजारांवर आला. कळा येऊन ती मोकळी झाली. चिमटा लावायचा नाही असे आधीच ठरले होते. कापलेल्या नाळेतले रक्त तपासले. बाळाचे प्लेटलेट 1 लाख 10 हजार! मी पेढे आणायला निघालेच होते, तर डॉक्टरीणबाईंनी अडवले. बाळाचा आकडा दुसऱ्या ते पाचव्या दिवसात आणखी उतरतो म्हणे. आणि तसेच झाले. तिसऱ्या दिवशी 48 हजार. डोक्याची सोनोग्राफी होईपर्यंत विहीणबाईंनी माझा हात सोडला नाही. ती चांगली आली. आठवड्याने आकडा चढू लागला.

बारसे थांबवा असे विहीणबाईंनीच सांगितले. ते सव्वा महिन्याने झाले, नि पेढेही तेव्हाच वाटले.