धमनीविकार आणि नॅनोकण : स्वागताध्यक्षीय भाषण

हृदयविकाराचा धोका केवळ ब्लॉकेजच्या टक्केवारीवर ठरत नाही. अँजिओग्राफीत रक्ताचा मार्ग दिसतो, धमनीची भिंत दिसत नाही. मेदाचा थर साचू लागला की धमनी आधी बाहेरच्या बाजूने रुंदावते आणि आतली सुमारे ४० टक्के जागा थराने व्यापेपर्यंत मार्ग मोकळाच राहतो, हे शिकागोचे सेमूर ग्लागोव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले. थरातल्या भक्षक पेशी कोलेस्टेरॉल गिळून फुगतात, दाह पेटता ठेवतात. वरचे आवरण पातळ होऊन फाटते आणि तिथे रक्ताची गुठळी धरते. कालपर्यंत हिंडत्याफिरत्या माणसाला अचानक झटका येतो तो बहुधा असा.

या भक्षक पेशींपर्यंत नॅनोकणांच्या मदतीने पोहोचण्याचा ध्यास घेतलेले हृदयरोगतज्ज्ञ, रसायनशास्त्रज्ञ आणि अभियंते या परिषदेसाठी एकत्र आले आहेत. स्वागत समितीतर्फे त्या सर्वांचे मनःपूर्वक स्वागत.

नॅनोकणांच्या निदानातील वापराबाबत माणसांवरचा पुरावा हाती आहे. डेक्स्ट्रानचे वेष्टन असलेले लोहऑक्साइडचे अतिसूक्ष्म कण शिरेतून दिले की ते बराच काळ रक्तात फिरतात आणि भक्षक पेशी ते गिळतात. दीड दिवसाने एमआरआय काढल्यास दाह असलेली जागा काळी उमटते. केंब्रिजच्या २००९ मधील अभ्यासात मानेच्या धमनीचा विकार असलेल्या काही रुग्णांना अ‍ॅटोरव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध रोज १० मिलिग्रॅम, तर इतरांना ८० मिलिग्रॅम दिले गेले. बारा आठवड्यांत मोठा डोस घेणाऱ्यांच्या थरातील हा काळेपणा स्पष्टपणे उतरला. औषध भिंतीत काय करते, हे शस्त्रक्रियेवाचून पाहता आले, ही मोठीच गोष्ट.

उपचार मात्र अजून मागे आहे. नेदरलँड्समध्ये प्रेडनिसोलोन हे दाहशामक औषध लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या सूक्ष्म पिशव्यांत, भरून रुग्णांना दिले गेले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार औषध थरातल्या भक्षक पेशींत पोहोचले, पण दाह कमी झाला नाही. नेमक्या जागी पोहोचणे पुरेसे नसते, हे या प्रयोगाने शिकवले. अशा निकालांची चर्चा यशाइतकीच मोकळेपणाने व्हायला हवी. मृत पेशींवरचा ‘मला गिळू नको’ हा संकेत भक्षक पेशींनी जुमानू नये, यासाठी २०२० मध्ये कार्बन नॅनोनलिकांतून औषध देण्यात आले. थर कमी झाला, पण तो उंदरांत.

सुरक्षिततेचा प्रश्न वेगळा. बहुतेक नॅनोकण अखेर यकृत आणि प्लीहेत साठतात. रक्तक्षयासाठी अमेरिकेत २००९ मध्ये मान्यता मिळालेल्या फेरुमॉक्सिटॉल या लोहकणांच्या औषधावर जीवघेण्या अ‍ॅलर्जीमुळे २०१५ मध्ये कडक इशारा छापावा लागला. वर्षानुवर्षे घ्यायच्या औषधाला ही कसोटी अधिकच काटेकोरपणे लावावी लागेल.